चिकट मेडुसा, बुरशी आलेला मुंजा: कोकणात छोटे राक्षस जमवताना या चुका टाळा

राक्षसांच्या अंगठ्याएवढ्या बाहुल्या जमवायचा छंद देशावर जितका सोपा, तितका कोकणात नाही. पावसाचे चार महिने इथे काडेपेटी सर्दावते, चपलांना बुरशी येते. अशा हवेत कपाटात कोंबलेला मिनोटॉर, म्हणजे बैलाच्या डोक्याचा ग्रीक राक्षस, गणपतीपर्यंत धड राहील ही अपेक्षाच चुकीची.

अंग चिकट झालं की पावडर चोपडणे

ही तक्रार सर्रास ऐकू येते. बाहुल्यांचं मऊ पीव्हीसी प्लास्टिक लवचीक राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळलेला असतो. तो वर्षानुवर्षं बाहेर झिरपतो, उकाड्यात जास्तच. हवाबंद पिशवीत तो अंगावरच साचतो आणि केसांच्या जागी साप असलेली ग्रीक मेडुसा हाताला चिकटते. पावडर लावली तर केसांतल्या सापांच्या खाचांत पांढरा लगदा बसतो, बाकी काही होत नाही. कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवसाबणाचे दोन थेंब टाका, मऊ ब्रशने धुवा, सावलीत वाळवा. पुन्हा चिकट झाली तर पुन्हा धुवा. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र चुकूनही नको, रंग तर जातोच, प्लास्टिकही खरवडल्यासारखं होतं.

मऊ बाहुल्या एकमेकींना टेकवून ठेवू नका. गडद रंग फिक्या रंगात उतरतो आणि तो डाग धुऊन निघत नाही. वाकलेला हात मात्र सरळ होतो: गरम पाण्यात थोडा वेळ बुडवा, हवा तसा धरा आणि लगेच गार पाण्यात घाला.

डांबरगोळ्या

ट्रंकेत साड्यांबरोबर टाकतो तशाच इथेही टाकल्या जातात. कपड्यांना ठीक, पण त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात, विशेषतः पारदर्शक कडक डब्यांचं पॉलिस्टायरीन. त्याऐवजी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलणारं जेल असेल तर रंग बदलला की ते तापवून कोरडं करून घ्या. बॅटरीवर डोळे चमकणारा राक्षस असेल तर सेल काढूनच ठेवा, खाऱ्या हवेत आतल्या पट्ट्या गंजायला वेळ लागत नाही.

लाकडाचं गणित उलटं. सावंतवाडीच्या चितारआळीतून कुणी हौसेने हडळ करून घेतली, तर तिला पाणी लावायचं नाही, कोरडं फडकं पुरे. पावसाळा संपल्याच्या आनंदात कडक उन्हात तर मुळीच ठेवू नका, ओल धरलेलं लाकूड एकदम सुकलं की रंगाला तडे जातात. पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाला कीडही लवकर लागते. शेल्फखाली पिठासारखा भुगा दिसला तर ती बाहुली आधी बाजूला काढा.

देव-राक्षस सगळ्यांना एकाच फळीवर बसवणे

ही चूक मोठ्या कंपन्यांनीही केली आहे. १९९० मध्ये ‘मॉन्स्टर इन माय पॉकेट’ नावाची एकरंगी मऊ बाहुल्यांची मालिका परदेशात आली. पहिल्या संचात ४८ राक्षस, प्रत्येकाला ठरावीक गुण. त्यात कालीमाताही राक्षस म्हणून घातली, पुढे गणपतीसुद्धा. हिंदूंनी निषेध केला, आणि रास्तच होता.

पण आपलं घर तपासा. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा हा देव आहे. रात्री तो गावात फिरतो म्हणून त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात, नवसाला केळ्यांचे घड देतात. त्याला ‘वेताळ, भूत क्रमांक सात’ अशी चिठ्ठी लावून खवीस आणि गिऱ्ह्याच्या मधे बसवलात, तर घरातली आजी विचारणारच, “देवाक भुतात कित्याक बसयलंस रे?” देवचाराचंही तसंच, तो गावचा राखणदार. माझं मत विचाराल तर या दोघांच्या बाहुल्या घेऊच नयेत. घेतल्याच असतील तर वेगळ्या फळीवर ठेवा.

संकासुराला मात्र खुशाल बसवा. शिमग्यात आणि दशावतारात तो स्वतःच लोकांत मिसळून थट्टामस्करी करतो. फक्त कारागिराला नीट सांगा, काळा वेश आणि उंच निमुळती टोपी. नाहीतर लाल शिंगांचा विलायती सैतान हातात पडेल. मुंजाला शेंडी आणि जानवं, हडळीला उलटे पाय, हेही तोंडी न सांगता कागदावर काढून द्या.

जुनी बाहुली ऑनलाइन घेताना पाठीचा आणि तळव्यांचा फोटो मागा. कंपनीच्या खुणा बहुधा तिथेच असतात. विकणारा टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या. आणि मूळ एकरंगी असलेल्या बाहुलीला कुणी हौसेने रंगवलं असेल, तर तिचे जास्त पैसे मोजू नका.