मोटार स्टार्टरचा सी प्रोग्राम शेतात जाण्याआधी टेबलावर कसा तपासावा

मराठवाड्यात शेतीपंपाची लाईट कधी दिवसा येते, कधी मध्यरात्री. म्हणून बोअरवर ऑटो स्टार्टर लागतो. त्याच्या डब्यातला मायक्रोकंट्रोलर तिन्ही फेजचा व्होल्टेज आणि मोटारीचा करंट वाचतो आणि मोटार चालू ठेवायची की बंद करायची ते ठरवतो. लाईट आल्याबरोबर मोटार सुरू करायची नाही, थोडं थांबायचं, कारण सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते आणि शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उठल्या तर डीपीवर ताण येतो. एक फेज गेली तर मोटार बंद. पाणी संपून करंट उतरला तरी बंद.

हे सगळं तपासायचं कसं? बोअर कोरडा पडायची वाट पाहायची, की रात्री दोन वाजता एक फेज जायची? ४१५ व्होल्टच्या पॅनेलमध्ये हात घालून फेज काढून बघणं तर जिवावरचा खेळ आहे. युनिट टेस्टिंगमुळे, म्हणजे प्रोग्रामचा एकेक छोटा भाग वेगळा चालवून तपासल्यामुळे, हे प्रसंग लॅपटॉपवर, क्षणभरात, हवे तितक्या वेळा घडवता येतात. इथे उदाहरण स्टार्टरचं घेतलं आहे, पण ड्रिपचा टायमर असो की टाकीच्या पातळीचा कंट्रोलर, पद्धत हीच.

आधी निर्णय वेगळा काढा

बहुतेक कॉलेज प्रोजेक्टमध्ये सगळा प्रोग्राम एका मेन फाईलमध्ये असतो. एडीसी (मोजलेल्या व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) वाचला, तिथेच इफ लावला, तिथेच रिलेचा पिन हलवला. असा कोड बोर्डाशिवाय तपासता येत नाही. त्याचे दोन भाग करा. एका फाईलमध्ये फक्त हार्डवेअर ठेवा: एडीसी, पिन, टायमर. दुसऱ्या फाईलमध्ये फक्त निर्णय. निर्णयाच्या फंक्शनला तीन व्होल्टेज, करंट आणि आत्ताची वेळ आकड्यांच्या रूपात द्यायची आणि त्याने मोटार चालू की बंद व कोणत्या कारणाने, एवढंच सांगायचं. निर्णयाच्या फाईलमध्ये कंट्रोलरच्या रजिस्टरची हेडर फाईल दिसली तर काम अजून अर्धवट आहे. ती फाईल लॅपटॉपवरच्या साध्या जीसीसी कंपायलरने कंपाईल झाली की झालं.

वेळेकडे विशेष लक्ष द्या. निर्णयाच्या आत डिले फंक्शन वापरलं तर टेस्टलाही तितकंच थांबावं लागेल. वेळ मिलिसेकंदांच्या आकड्यात बाहेरून आली पाहिजे. मग दहा सेकंद उलटले हे टेस्टमध्ये आकडा बदलूनच सांगता येतं.

युनिटी बसवा

सी साठी सुरुवात युनिटी या टेस्ट फ्रेमवर्कनेच करा, असं माझं स्पष्ट मत आहे. ती शुद्ध सी मध्ये लिहिलेली आहे, एमआयटी लायसन्सखाली मोफत मिळते आणि मुख्य फाईल तीनच: एक सी फाईल, दोन हेडर. उबुंटूवर बिल्ड इसेन्शियल पॅकेज घ्या, विंडोजवर एमएसवायएस टू मधून जीसीसी घ्या, आणि या तीन फाईल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाका. सीपीपीयूटेस्ट आणि गूगल टेस्ट ही फ्रेमवर्कही चांगली आहेत, पण ती सी प्लस प्लसमध्ये आहेत. टीमला ती भाषा येत असेल तर जरूर घ्या. सीपीपीयूटेस्ट मेमरी लीकही पकडून देते.

टेस्ट फाईलचा सांगाडा छोटा असतो. सेटअप फंक्शन प्रत्येक टेस्टआधी चालतं, त्यात स्टार्टरची स्थिती कोरी करा. टेअरडाऊन नंतर चालतं, ते रिकामं राहिलं तरी चालेल. मेनमध्ये युनिटी बिगिन, मग प्रत्येक टेस्टसाठी एक रन टेस्ट, शेवटी युनिटी एंड.

पहिली टेस्ट: ड्राय रन

समजा पाच एचपीची मोटार पाण्यावर साडेसात अँपिअर घेते आणि कोरडी चालली की साडेचारवर येते. नियम असा ठरवा: करंट सलग दहा सेकंद पाच अँपिअरच्या खाली राहिला तर मोटार बंद. करंट मिलिअँपिअरमध्ये पूर्णांकात ठेवा, म्हणजे दशांशाची भानगड नको.

कोड लिहिण्याआधी टेस्ट लिहा. ४,५०० मिलिअँपिअर द्या, वेळ ९,९९९ मिलिसेकंद ठेवा आणि मोटार चालूच आहे का ते टेस्ट असर्ट इक्वलने पाहा. दुसऱ्या टेस्टमध्ये वेळ १०,००० करा, आता ती बंद हवी. टेस्ट चालवा. नियमाचा कोडच नसल्यामुळे दुसरी टेस्ट नापास होईल, आणि ती नापास झालेली डोळ्यांनी पाहणं आवश्यक आहे. जी टेस्ट कधीच नापास झाली नाही ती खरंच काही तपासते का हे कळत नाही. मग ती पास होण्यापुरताच कोड लिहा.

आता सीमेवर या. करंट बरोबर ५,००० असेल तर काय? सातव्या सेकंदाला क्षणभर ६,००० झाला आणि पुन्हा उतरला, तर मोजणी नव्याने सुरू करायची का? टेस्ट लिहायला बसलं की असे प्रश्न आपोआप पुढे येतात. उत्तर अंदाजाने ठरवू नका, मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या मिस्त्रीला विचारा.

लॅपटॉप जे लपवतो

या भागावर घाई करू नका, सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. लॅपटॉपवर इंट (पूर्णांकाचा साधा टाईप) ३२ बिटांचा असतो, एव्हीआर किंवा ८०५१ या कंट्रोलरवर १६ बिटांचा. साडेसात अँपिअरची मोटार सुरू होताना सात पट करंट घेते म्हणजे ५२,५०० मिलिअँपिअर. १६ बिटांच्या साध्या इंटमध्ये जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात, म्हणून हाच आकडा तिथे उणे १३,०३६ होतो. उणे आकडा ५,००० पेक्षा लहान! मोटार पूर्ण जोराने उठत असताना प्रोग्रामला ती कोरडी वाटते. लॅपटॉपवर मात्र सगळ्या टेस्ट पास. म्हणून इंट लिहूच नका. स्टँडर्ड इंट हेडरमधले ठरावीक लांबीचे टाईप वापरा, इथे १६ बिटांचा अनसाइन्ड, म्हणजे उणे आकडे नसलेला.

तेवढ्यानेही पूर्ण भागत नाही. दहा बिटांच्या एडीसीचं रीडिंग मिलिव्होल्टमध्ये बदलताना १,०२३ ला ५,००० ने गुणून १,०२३ ने भागलं तर उत्तर ५,००० यायला हवं. लॅपटॉपवर येतंही, कारण तिथे गुणाकार आपोआप ३२ बिटांत होतो. एव्हीआरवर तोच गुणाकार १६ बिटांत अडकून ३,१९२ उरतो आणि भागाकार येतो ३. टाईप दोन्हीकडे तेच, उत्तर वेगळं. गुणाकाराआधी एका संख्येला ३२ बिटांत कास्ट करा (तिचा टाईप बदला) आणि ही टेस्ट प्रत्यक्ष बोर्डवरही चालवा. युनिटीचं आउटपुट यूआर्टकडे (बोर्डच्या सीरियल पोर्टकडे) वळवण्यासाठी एक मॅक्रो बदलावा लागतो, निकाल सीरियल मॉनिटरवर दिसतात. बोर्ड हाताशी नसेल तर एव्हीआरसाठी सिमएव्हीआर आणि एआरएम कॉर्टेक्स एम साठी क्यूएमू हे सिम्युलेटर आहेत.

वेळेच्या काउंटरचीही अशीच एक टेस्ट कराच. ३२ बिटांचा मिलिसेकंद काउंटर ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. बॅटरी बॅकअप असलेला डबा इतके दिवस सलग चालतो. सुरुवातीच्या वेळेत दहा हजार मिळवून आत्ताच्या वेळेशी तुलना केली, तर त्या वळणावर बेरीज लहान होते आणि दहा सेकंद लगेच उलटल्यासारखे वाटतात. आत्ताच्या वेळेतून सुरुवातीची वेळ वजा करून फरक दहा हजारांशी ताडला, तर अनसाइन्ड गणितात उत्तर बरोबर येतं. टेस्टमध्ये सुरुवात कमाल आकड्याच्या पाच सेकंद आधी ठेवा. दीड महिन्याहून जास्त थांबून दिसणारी चूक तुम्हाला लगेच दिसेल.

रिलेची जागा घेणारं मॉक

मोठ्या मोटारीला स्टार डेल्टा स्टार्टर असतो: मोटार आधी स्टार जोडणीत उठते, मग डेल्टात जाते. तिथे स्टारचा कॉन्टॅक्टर सुटल्याशिवाय डेल्टाचा बसता कामा नये, नाहीतर फेज ते फेज शॉर्ट होतो. इथे कोणतं फंक्शन आधी बोलावलं गेलं तेही तपासावं लागतं. खऱ्या रिले फाईलच्या जागी नकली फाईल (मॉक) जोडा, जी बोलावल्याची नोंद ठेवते. सुरुवातीला ती हातानेच लिहा, म्हणजे आत काय चालतं ते समजेल. फंक्शन वाढली की सीमॉक घ्या. ते हेडर फाईल वाचून मॉक स्वतः तयार करतं, आणि क्रम काटेकोर तपासण्याची सेटिंग चालू केली की डेल्टा आधी बसवणारा कोड नापास करतं. युनिटी, सीमॉक आणि बिल्ड यांची मोट सीडलिंग बांधतं. त्यासाठी रुबी बसवावी लागते. मग न्यू कमांडने प्रोजेक्ट उभा राहतो आणि टेस्ट ऑल कमांडने सगळ्या टेस्ट धावतात.

उबुंटूवरच्या बिल्डमध्ये जीसीसीचे ॲड्रेस आणि अनडिफाइन्ड सॅनिटायझर (प्रोग्राम चालताना चुका पकडणारे पर्याय) चालू ठेवा. ॲरेच्या बाहेर गेलेला इंडेक्स बोर्डवर गुपचूप काहीतरी बिघडवतो, इथे ओळ क्रमांकासह सापडतो. जीकोव्ह या टूलने कोणती ओळ एकाही टेस्टमध्ये चालली नाही ते कळतं. शंभर टक्क्यांचा हट्ट नको, पण मोटार बंद करणारी ओळ न तपासलेली राहू देऊ नका.

वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्सकडे वळायचं असेल तर ही सवय तिथेही लागेल. वाहनांच्या सुरक्षिततेच्या आयएसओ २६२६२ या मानकाचा सहावा भाग सॉफ्टवेअरचा आहे आणि त्यात युनिट पातळीवरची पडताळणी येते.

जुना, चालू असलेला कोड असेल तर सगळा उसवू नका. पुढची तक्रार येईल तेव्हा शेतकऱ्याकडून तेव्हाचे व्होल्टेज, करंट आणि मोटार किती वेळ चालली होती ते नीट विचारून घ्या. तेच आकडे घालून नापास होणारी टेस्ट लिहा, मग दुरुस्ती करा, आणि ती टेस्ट कायम ठेवा. चिकटलेला कॉन्टॅक्ट, पावसाळ्यातला ओलावा, सैल झालेला लग यांतलं काहीच युनिट टेस्टमध्ये सापडणार नाही. त्यासाठी नवीन हेक्स फाईल (कंपाईल झालेला प्रोग्राम) आधी एकाच डब्यात टाका, तो ओळखीच्या शेतकऱ्याच्या बोअरवर लावा, आणि बाकीच्या डब्यांना हात लावण्याआधी दिवसपाळी व रात्रपाळी दोन्हींच्या नोंदी तपासा.