बी.एड.च्या प्रवेशाआधी करावयाची तयारी

घरातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेल्या आणि शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या नागपूर परिसरातील विद्यार्थ्याने कोणत्या वर्गांना शिकवायचे हे आधी निश्चित करावे. कारण सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट 2023 मधील निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, तिथे डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकांसाठीची पदविका लागते.

बी.एड.साठी राज्याची सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) द्यावी लागते, परंतु परीक्षेपेक्षा कागदपत्रेच अधिक दमवतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘Sunita’ आणि आधारवर ‘Suneeta’ एवढ्या स्पेलिंगच्या फरकानेही अर्ज अडकू शकतो, म्हणून नावे अक्षरशः जुळवून घ्यावीत. उत्पन्नाचा दाखला आणि ओबीसीसारख्या प्रवर्गांना आरक्षणासाठी लागणारे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र सेतू केंद्रातून (सरकारी दाखल्यांच्या सेवा केंद्रातून) मिळतात. आरक्षित जागेसाठी लागणाऱ्या जातवैधता प्रमाणपत्राला (जातीच्या दाखल्याच्या पडताळणीला) मात्र वेळ लागतो, तो अर्ज सर्वांत आधी करावा. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करण्यापूर्वी बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, हे बँकेत जाऊन विचारावे.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यातील सुमारे 20 आठवडे शाळेत प्रत्यक्ष अनुभव घेण्यात जातात. सकाळी सीताबर्डीच्या दुकानात काम करून शिकणाऱ्याने त्या काळातील मिळकतीची सोय आधीच लावून ठेवावी.