विद्यार्थ्यांमधील व्यसनांचे सर्वेक्षण: घर, पैसा आणि सोबत यांविषयी कसे विचारावे

शाळा-महाविद्यालयांतील व्यसनांच्या सर्वेक्षणात पहिली चूक बहुधा पहिल्याच प्रश्नात होते. ‘तुम्हाला व्यसन आहे का?’ असे विचारले की बहुतेक विद्यार्थी ‘नाही’वर खूण करतात, आणि त्यांतले अनेक खोटे बोलत नसतात, सकाळी मिश्री लावणाऱ्या मुलीला किंवा मित्राच्या पुडीतला चिमूटभर खर्रा खाणाऱ्या मुलाला ते व्यसन वाटतच नाही. म्हणून प्रत्येक पदार्थ त्या भागातल्या नावानेच विचारावा, आणि प्रत्येकाबाबत आजवर कधी घेतला का, पहिल्यांदा कितव्या वर्षी घेतला आणि गेल्या 30 दिवसांपैकी किती दिवस घेतला, हे तीन प्रश्न स्वतंत्र ठेवावेत.

मुलींना हे प्रश्न विचारायला संकोच करू नये. 2019 च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातील 13 ते 15 वयाच्या विद्यार्थ्यांपैकी 8.5 टक्के तंबाखू वापरणारे आढळले. मुलग्यांत हे प्रमाण 9.6 आणि मुलींत 7.4 टक्के होते.

वय, लिंग, इयत्ता यांची नोंद सोपी असते, अडचण आर्थिक स्थितीची येते. शहरी कुटुंबांसाठी वापरली जाणारी कुप्पुस्वामी श्रेणी कुटुंबप्रमुखाचे शिक्षण, व्यवसाय आणि कुटुंबाचे उत्पन्न यांवर आधारलेली आहे. परंतु घरात किती पैसे येतात हे मुलांना सहसा ठाऊक नसते. अशा वेळी पालकांचे शिक्षण आणि काम, आठवड्याला हाती मिळणारे पैसे आणि विद्यार्थी स्वतः कामाला जातो का, एवढे विचारावे.

माझ्या मते याहून मोलाचे प्रश्न सोबतीचे आहेत. विद्यार्थी आईवडिलांकडे राहतो की वसतिगृहात, की पालक ऊसतोडीला गेल्यावर आजीआजोबांपाशी? घरात कोण काय घेते? मोठ्यांसाठी पुडी आणायला त्याला टपरीवर पाठवले जाते का? 2003 च्या कायद्याने 18 वर्षांखालील मुलांना आणि शिक्षणसंस्थेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास बंदी आहे, तेव्हा या एका प्रश्नातून घर आणि बाजार या दोन्हींची माहिती मिळते.

उत्तरे भरताना वर्गशिक्षकांनी खोलीबाहेर थांबावे. कागदावर नाव किंवा हजेरी क्रमांक नसावा, भरलेले कागद बंद पेटीत टाकू द्यावेत, आणि 18 वर्षांखालील विद्यार्थ्यांबाबत पालकांची संमती व मुलाची स्वतःची तयारी दोन्ही घ्यावी. प्रत्येकाला घरी नेता येईल अशा वेगळ्या चिठ्ठीवर 14446 ही व्यसनमुक्तीची आणि 1800-11-2356 ही तंबाखू सोडण्यासाठीची मदतवाहिनी छापावी. ती सर्वांना द्यावी, म्हणजे घेणाऱ्याकडे कोणी बोट दाखवणार नाही.

तक्ते मांडताना टक्केवारी गटानुसार काढावी: वसतिगृहातल्या शंभरांपैकी किती आणि घरी राहणाऱ्या शंभरांपैकी किती. तंबाखू खाणाऱ्यांपैकी निम्मे वसतिगृहातले निघाले, तरी मुळात निम्मा वर्गच तिथे राहत असेल तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. मित्र तंबाखू खातात म्हणून मुलगा खाऊ लागला, की खाणाऱ्यांनीच एकमेकांना मित्र केले, हेही एकदाच केलेल्या सर्वेक्षणातून ठरवता येत नाही; तेथे ‘संबंध आढळला’ एवढेच लिहावे. आणि एखाद्या वस्तीतली दोन-तीनच मुले एका रकान्यात आली, तर तो रकाना शेजारच्या गटात मिळवल्याशिवाय अहवाल कोणाच्याही हाती देऊ नये, कारण गावात तेवढ्या खुणेवरून मूल ओळखले जाते.