मुलांच्या वाढीच्या आणि घरच्या रोजच्या नोंदी ठेवताय? या चुका टाळा

मूल तीन-चार वर्षांचं होईपर्यंत फोनमध्ये हजारो फोटो साठलेले असतात. तरीही ‘ही आधाराशिवाय कधी उभी राहिली?’ असं कुणी विचारलं की आई एक महिना सांगते, बाबा दुसरा आणि आजी तिसराच. फोटो कमी पडले म्हणून असं होत नाही. फोटोवरची तारीख उडालेली असते, त्यामागचा प्रसंग कुणी लिहिलेला नसतो, किंवा मूळ फाइल जुन्या फोनसोबत गेलेली असते. खालच्या बहुतेक चुका या तीन कारणांभोवतीच फिरतात.

तारीख पुसली जाते, ती कशी?

फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये चित्रासोबत तारीख, वेळ आणि बहुधा ठिकाणही लपलेलं असतं. याला एक्झिफ माहिती म्हणतात. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो लहान केला जातो आणि ही माहिती गळून पडते. म्हणून मावशीने वाढदिवसाचे फोटो दोन महिन्यांनी पाठवले, तर तुमच्या गॅलरीत ते दोन महिने पुढे जाऊन बसतात. फाइलच्या नावात ‘डब्ल्यूए’ (WA) ही अक्षरं दिसली, तर नावातली त्याआधीची तारीख फोटो काढल्याची नाही हे धरूनच चाला.

उपाय सोपा आहे. फोटो मागताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असं सांगा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी येते. ‘एचडी’ निवडल्याने चित्र थोडं बरं येतं, पण मूळ फाइल येत नाही.

तारखा आधीच चुकल्या असतील, तर कॉम्प्युटरवर दुरुस्त करा. विंडोजमध्ये फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘डिटेल्स’खाली ‘डेट टेकन’ बदलता येते. शेकडो फाइल असतील तर ‘एक्झिफटूल’ हे मोफत साधन आहे, पण आधी प्रत काढून ठेवा. गूगल फोटोजमध्ये तारीख बदलली की ती तिथे नीट दिसते, मात्र मूळ फाइलच्या आत लिहिली जात नाही. पुढे कधी सगळं उतरवून घेतलंत, की जुनी चूक पुन्हा वर येते. त्यामुळे महत्त्वाच्या फोटोंच्या फाइलनावातच तारीख घाला आणि क्रम वर्ष-महिना-दिवस असा ठेवा: ‘२०२४-०३-१५ पहिली पावलं’. दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या १ तारखा एकत्र येतात आणि यादीचा खिचडा होतो.

व्हिडिओसाठी याहून भरवशाची युक्ती म्हणजे सुरुवातीलाच तारीख आणि वय तोंडाने बोलणं. फाइल कितीही वेळा इकडून तिकडे गेली तरी ते राहतं.

‘पहिल्यांदा’ म्हणजे नेमकं काय, हे न ठरवणं

पलंगाला धरून दोन पावलं टाकली, ते चालणं का? आई हो म्हणते, बाबा नाही म्हणतात, आणि वहीत दोन तारखा पडतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यासाठी स्पष्ट कसोट्या होत्या, त्या घरीही वापरता येतात. हातांचा टेकू न घेता, डोकं ताठ ठेवून किमान १० सेकंद बसणं म्हणजे आधाराशिवाय बसणं. पोट जमिनीला न लावता हात-गुडघ्यांवर सलग किमान तीनदा पुढे सरकणं म्हणजे रांगणं. कशालाही न धरता किमान १० सेकंद उभं राहणं म्हणजे स्वतः उभं राहणं. आणि कुणाचा हात न धरता किमान ५ पावलं टाकणं म्हणजे चालणं.

याआधीचे टप्पेही लिहा, पण वेगळ्या ओळीत: ‘धरून उभा राहिला’, ‘सोडून एक पाऊल, मग धप्प’. पुढे वाचायला मजा त्यातच येते.

दुसरी चूक तुलनेची. त्याच अभ्यासात आधाराशिवाय बसण्याची मर्यादा साधारण ३.८ ते ९.२ महिने होती आणि स्वतः चालण्याची ८.२ ते १७.६ महिने. काही मुलं हात-गुडघ्यांवर रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. वहीत रांगण्याची जागा रिकामी राहिली म्हणून ओढूनताणून तारीख घालू नका, ‘रांगला नाही, बसूनच सरकायचा’ असं लिहा. मूल या मर्यादांच्या पलीकडे गेलं, किंवा जमणारी गोष्ट करेनासं झालं, तर डॉक्टरांना दाखवा. तेव्हा तुमच्या तारखा आणि छोटे व्हिडिओ त्यांना फार उपयोगी पडतात.

बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर साधारण दोन वर्षांपर्यंत दुरुस्त वय धरतात. ३२व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ ४०च्या हिशेबाने ८ आठवडे लवकर आलेलं असतं, म्हणजे सहा महिन्यांचं झालं तेव्हा त्याच्या वाढीचं वय चार महिन्यांच्या आसपास असतं. नोंदीत दोन्ही वयं लिहा, नाहीतर काही वर्षांनी आकडे उगाच काळजीचे वाटतात.

उंचीचंही तसंच. दोन वर्षांपर्यंत बाळाला झोपवून लांबी मोजतात, त्यानंतर उभं करून उंची. झोपवून घेतलेलं माप सुमारे ०.७ सेंटीमीटर जास्त भरतं. म्हणून दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास मूल ‘आखूड झालं’ असं वहीत दिसलं, तर बहुधा मोजण्याची पद्धत बदललेली असते. माप कसं घेतलं ते शेजारी लिहिलं की प्रश्न मिटतो. वजनाच्या बाबतीत कपडे होते की नव्हते, आणि काटा घरचा की दवाखान्यातला, एवढं पुरे.

वही तिसऱ्या पानावर थांबते

सुंदर, जाड, छापील रकान्यांची वही घेतली जाते. पहिला दात, पहिलं हसू, पहिला शब्द. रकाने भरले की वही बंद होते आणि दुसऱ्या वर्षापासून मूल जणू मोठंच होत नाही. खरं तर बोलणं, हट्ट, भांडणं, खोटं बोलण्याचे पहिले प्रयत्न हे सगळं त्यानंतर सुरू होतं. साधी रेघांची वही बरी. रोज लिहायचं ठरवू नका. आठवड्याचा एक ठरलेला दिवस, दहा मिनिटं, तीन-चार ओळी. मधे काही घडलं तर फोनमध्ये पाच-सहा शब्दांची टिपण किंवा स्वतःचा आवाज, आणि त्या दिवशी वहीत उतरवायचं. एक आठवडा चुकला तर तो सोडून द्या. मागचं भरून काढायच्या नादात वही कायमची बंद पडते.

काय लिहायचं? ‘आज खूप गोड वागली’ ही ओळ काही वर्षांनी काहीच सांगत नाही. तिने काय केलं ते लिहा. मूल शब्द चुकीचे उच्चारत असेल तर ते तसेच लिहा, दुरुस्त करून नव्हे. ‘काकडी’ला ‘ताकडी’ म्हणायची, ते ‘क’ कधी नीट म्हणू लागली, दोन्ही. संवाद असेल तर कुणी काय म्हटलं त्याच क्रमाने. विनोद झाला असेल तर त्याआधी काय घडलं होतं तेही, नाहीतर पुढे वाचणाऱ्याला हसू कशाचं ते कळत नाही.

रोजचं आयुष्य टिपायचं राहूनच जातं. वाढदिवस आणि सहलींचे फोटो भरपूर, पण सकाळी दप्तर भरण्याची धांदल, पलंगाखाली खेळण्यांची रास, चपला उलट्या घातलेल्या, यांचा एकही नाही. वर्षातून दोनदा एक साधा दिवस निवडून उठल्यापासून झोपेपर्यंत दर तासाला एक फोटो काढा. खोल्याही टिपा, घरं बदलतात. आणि आईला फोटोत आणा. काढणारी तीच असल्यामुळे ती कशातच दिसत नाही. फोन दुसऱ्याच्या हातात द्या, नाहीतर फोन टेकवून १० सेकंदांचा टायमर लावा. केस विंचरलेले नसले तरी चालतं.

व्हिडिओ आहे, पण ऐकू येत नाही

फोन आडवा धरला की तळाचा मायक्रोफोन बोटाखाली झाकला जातो, हे सर्वांत नेहमीचं कारण. दुसरं, पंखा. तिसरं, अंतर: मूल चार मीटरवर आणि ‘अगं बाई, बघ बघ’ करणारी आई मायक्रोफोनला चिकटलेली. एक-दीड मीटरवर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा, पंखा मिनिटभर बंद करा आणि गप्प राहा. गाणं म्हणायला सांगितलं की मूल बंड करतं. त्यापेक्षा ते खेळात असताना नुसता आवाज दहा मिनिटं टिपा, दर तीन महिन्यांनी एकदा. चेहरे फोटोत राहतातच, त्या वयाचा आवाज मात्र मुद्दाम जपावा लागतो.

चित्र धुरकट येत असेल तर आधी लेन्स पुसा, लहान मुलांच्या घरात तिच्यावर बोटांचे ठसे असतातच. फोन भरत असेल तर व्हिडिओच्या स्पष्टतेचं सेटिंग बघा: आयफोनवर १०८०पीचा, सेकंदाला ३० चित्रांचा एक मिनिट साधारण ६० एमबी घेतो, फोर-केचा सुमारे १७० एमबी. घरगुती व्हिडिओला १०८०पी पुरतं.

‘क्लाउडवर आहे’ म्हणजे सुरक्षित आहे?

अर्धंच खरं. गूगल फोटोज किंवा आयक्लाउडमध्ये एका ठिकाणी खोडलेला फोटो दुसरीकडूनही जातो, कारण ती एकाच संग्रहाची जोडलेली रूपं आहेत. चुकून खोडलं तर आधी कचरापेटी बघा: गूगलवर बॅकअप झालेले फोटो ६० दिवस राहतात, आयफोनच्या ‘नुकतेच खोडलेले’मध्ये साधारण ३० दिवस. गूगल फोटोजमध्ये ‘स्टोरेज सेव्हर’ हा जागा वाचवणारा पर्याय निवडला असेल तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो आणि १०८०पीपेक्षा मोठे व्हिडिओ लहान करून ठेवले जातात. गूगलची मोफत १५ जीबी जागा भरली की नवे फोटो वर जायचे थांबतात आणि हे कित्येक महिने लक्षातही येत नाही. महिन्यातून एकदा ‘बॅकअप पूर्ण’ असं दिसतंय का ते बघा. दोन वर्षं न वापरलेलं गूगल खातं खोडलं जाऊ शकतं, म्हणून बाळाच्या नावाने वेगळं ईमेल खातं काढून त्यावर पत्रं पाठवणाऱ्यांनी मधूनमधून त्यात लॉगिन करावं.

जाणकार ३-२-१ नियम पाळतात: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घरच्यासाठी याचा अर्थ क्लाउड, घरातली एक बाहेरची हार्ड डिस्क, आणि नातेवाइकांकडे दुसरी. पेन ड्राइव्ह कायमचा साठा म्हणून वापरू नका, वर्षानुवर्षं वीज न मिळता पडून राहिलेल्या फ्लॅश मेमरीतला डेटा विरत जाऊ शकतो. डिस्क वर्षातून एकदा लावून जुन्या आणि नव्या चार-पाच फाइल उघडून बघा. उघडून न बघितलेल्या प्रतीवर भरवसा ठेवायचं कारण नाही. खात्याचा पासवर्ड जोडीदारालाही माहीत हवा.

आजीच्या आवाजातले व्हॉट्सॲप संदेश त्या चॅटमध्येच ठेवू नका. फोन बदलताना बॅकअप नीट झाला नाही की तेच आधी जातात. प्रत्येक संदेश ‘शेअर’ करून फाइल म्हणून बाहेर काढा.

कागद

सोनोग्राफीचे फोटो बहुधा थर्मल, म्हणजे उष्णतेने छपाई होणाऱ्या कागदावर असतात आणि उष्णता, उजेड लागून फिके पडतात. ते लॅमिनेट करू नका, गरम लॅमिनेशनने सगळा कागद काळा पडू शकतो. मिळाल्या आठवड्यातच ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. चिकट पानांवर पारदर्शक पडदा असलेले जुने अल्बम फोटो पिवळे करतात, आणि पुढे फोटो सुटतही नाहीत. पीव्हीसी प्लास्टिक नसलेले, पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे कप्पे घ्या. फोटोच्या मागे बॉलपेन दाबून लिहिलं की पुढून उठाव दिसतो, फोटोवर चालणारा पिगमेंट (रंगकणांच्या) शाईचा पेन कडेला हलक्या हाताने वापरा. वहीसाठीही पाण्याने न पसरणारी पिगमेंट शाईच बरी. मुलांची चित्रं सगळी ठेवणं अशक्य आहे. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, बरोबर वरून फोटो काढा, महिन्याला दोन मूळ चित्रं ठेवा, आणि ‘हे काय आहे’ ते मुलालाच विचारून मागे लिहा.

दुसऱ्यांना दाखवताना

आंघोळीचे, कपड्यांशिवायचे फोटो कुठेही टाकू नका, क्लाउडवरही नको. तिथल्या आपोआप होणाऱ्या तपासणीत निरागस फोटोवरूनही खातं बंद होऊ शकतं, आणि खात्यासोबत बाकीचा संग्रहही. शाळेचं नाव दिसणारा गणवेश, घराचा दरवाजा, फोटोत दडलेलं ठिकाण याकडे लक्ष द्या. मूल ‘नको’ म्हणण्याइतकं मोठं झालं की विचारून टाका. त्याच्या फजितीच्या गोष्टी वहीत राहू द्या.

दोन वर्षं काहीच लिहिलं नाही, आता?

आठवून लिहायला बसू नका, आठवण फसवते. आधी पुरावे गोळा करा. लसीकरणाच्या कार्डावर तारखा आणि बहुधा वजनंही असतात. आजीशी किंवा मैत्रिणीशी झालेल्या चॅटमध्ये ‘दात’, ‘चालला’, ‘पडला’, ‘बोलली’ असे शब्द शोधा, त्या दिवशी लिहिलेलं वाक्य आयतं मिळतं. गॅलरीत महिन्याचे फोटो उघडून मूल बसलंय, धरून उभं आहे की चालतंय ते बघा. चालण्याचा पहिला फोटो १२ मेचा आणि धरून उभं राहिल्याचा शेवटचा २० एप्रिलचा असेल, तर ‘२० एप्रिल ते १२ मे यांच्या मध्ये, फोटोंवरून’ असं लिहा. अंदाज आहे तिथे ‘अंदाजे’ लिहा आणि तो कशावरून केला तेही. मग मागचा काळ तेवढ्यावर सोडून, वही या आठवड्यापासून पुढे चालू करा.