आरोग्य विमा घेताना: प्रस्ताव अर्जापासून दाव्यापर्यंत

आरोग्य विमा घरात कोणी आजारी नसतानाच घ्यावा लागतो, आणि नेमके त्याच वेळी तो घेण्याची निकड कोणालाही वाटत नाही. भिशीत प्रत्येकाचा नंबर कधी ना कधी लागतो. विम्यात मात्र हजारो लोक हप्ता भरतात आणि त्यांपैकी त्या वर्षी ज्यांच्यावर रुग्णालयात दाखल होण्याची वेळ येते, त्यांचाच खर्च त्या एकत्र पैशातून भागवला जातो. आजार उघड झाल्यावर सामील होण्याची मुभा सर्वांना असती, तर हा साठा काही महिन्यांतच रिकामा झाला असता. कंपनी तुमच्या प्रकृतीची चौकशी का करते आणि काही आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी, म्हणजे सुरुवातीचा संरक्षण न मिळण्याचा काळ, का ठेवते, हे यावरून समजते.

म्हणूनच पॉलिसी घेताना सर्वांत जास्त वेळ पॉलिसी मागताना भरायच्या प्रस्ताव अर्जाला द्यावा. बहुतेक घरांत हा अर्ज एजंट भरतो, आजारांविषयीच्या प्रत्येक प्रश्नापुढे ‘नाही’ लिहितो आणि आपण केवळ सही करतो. माझ्या मामांच्या बाबतीत असेच झाले. रक्तदाबाची गोळी ते कित्येक वर्षे घेत होते, पण ‘एवढ्या साध्या गोष्टीचा उल्लेख कशाला’ असे सांगितले गेले. पुढे दुसऱ्याच वर्षी हृदयात स्टेंट बसवावा लागला, तेव्हा कंपनीने माहिती लपवल्याचे कारण देऊन दावा नाकारला. विमा हा परमविश्वासाचा, म्हणजे महत्त्वाची सर्व माहिती आपणहून खरी सांगण्याचा, करार मानला जातो, आणि त्यात सही करणाऱ्यालाच जबाबदार धरले जाते. त्यामुळे मधुमेह, थायरॉइड, जुनी शस्त्रक्रिया, चालू असलेली औषधे हे सर्व अर्जात स्वतः लिहावे. त्यामुळे हप्ता वाढला किंवा काही काळ त्या आजाराला संरक्षण मिळाले नाही, तरी ती किंमत परवडते. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो, आणि पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिल्यानंतर माहिती न दिल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही; सिद्ध झालेली फसवणूक एवढाच त्याला अपवाद आहे. अपघाताला पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळते, इतर आजारांना मात्र सहसा पहिले ३० दिवस मिळत नाही.

हप्त्याच्या आकड्याखालोखाल लोकांची नजर विमा रकमेवर, म्हणजे वर्षभरात मिळू शकणाऱ्या कमाल भरपाईवर, जाते, पण मला खोलीभाड्याची अट अधिक महत्त्वाची वाटते, कारण डिस्चार्जच्या दिवशी सर्वाधिक मनस्ताप तीच देते. समजा, विमा रक्कम ५ लाख आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा तिच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये आहे. तुम्ही ८,००० रुपयांची खोली घेतली, तर केवळ वरचे ३,००० रुपये स्वतः भरून सुटका होत नाही. महागड्या खोलीत डॉक्टरांचे शुल्क आणि शस्त्रक्रियागृहाचा आकारही वाढतो, असे धरून कंपनी त्या खर्चालाही तेच प्रमाण लावते. हे खर्च १,६०,००० रुपये झाले असतील, तर पाच-अष्टमांश, म्हणजे १,००,००० रुपयेच मंजूर होतील. उरलेले ६०,००० आणि खोलीभाड्यातील फरक तुमच्या खिशातून जाईल. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लागू होत नाही. शक्य असल्यास खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी घ्यावी. मर्यादा असेल, तर दाखल होतानाच तिच्यात बसणारी खोली मागावी. पॉलिसीसोबत मिळणाऱ्या ग्राहक माहितीपत्रकात ही अट, सहभुगतानाची (प्रत्येक दाव्यात आपण स्वतः भरायच्या वाट्याची) टक्केवारी आणि मोतीबिंदूसारख्या उपचारांवरील मर्यादा थोडक्यात दिलेल्या असतात. पॉलिसी पसंत न पडल्यास ती हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

नोकरीत मिळणाऱ्या गटविम्यावर पूर्णपणे विसंबू नये, कारण सहसा तो नोकरीबरोबरच संपतो. वयस्कर आईवडिलांना शक्यतो तरुण कुटुंबाच्या फ्लोटरमध्ये, म्हणजे सर्वांसाठी एकच सामाईक विमा रक्कम असलेल्या पॉलिसीत, घालू नये. त्यांच्या वयामुळे सर्वांचाच हप्ता वाढतो आणि त्यांच्या एका आजारपणात सामाईक रक्कम संपू शकते. मोठे संरक्षण स्वस्तात हवे असल्यास मूळ पॉलिसीवर सुपर टॉप-अप, म्हणजे वर्षभराचा एकूण खर्च ठरावीक रकमेपुढे गेला की वरचा खर्च देणारा जादा विमा, घेता येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला आहे, ही दिलासा देणारी गोष्ट आहे. ज्यांना हप्ता मुळीच परवडत नाही, त्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न लावता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे.

प्रत्यक्ष दाखल होताना रुग्णालयाच्या विमा कक्षाला लगेच कळवावे. कॅशलेस मागणीवर, म्हणजे कंपनीने बिल थेट रुग्णालयाला द्यावे या मागणीवर, कंपनीने एका तासात निर्णय द्यावा आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असा नियम आहे. त्यापुढच्या विलंबामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली, तर ती कंपनीने सोसायची असते. आणखी एका गोष्टीकडे फार थोड्यांचे लक्ष जाते: केस पेपरवर लिहिला जाणारा पूर्वेतिहास. घाबरलेला नातेवाईक अंदाजाने ‘चारपाच वर्षांपासून शुगर आहे’ असे सांगतो, निवासी डॉक्टर तसे लिहून घेतात आणि पुढे तीच नोंद दाव्याच्या विरोधात पुरावा ठरते. जे ठाऊक आहे तेवढेच सांगावे, आणि चुकीची नोंद झाली असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून ती डिस्चार्जपूर्वीच लेखी दुरुस्त करून घ्यावी. पैसे आधी भरून नंतर परतावा मागायचा असेल, तर मूळ बिले, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती स्वतःजवळ ठेवाव्यात.

दावा नाकारला गेला, तर तोंडी उत्तरावर समाधान मानू नये. पॉलिसीतील कोणत्या कलमाखाली तो नाकारला, हे लेखी मागावे. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमाधारकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या विमा लोकपालांकडे जावे. त्यांची कार्यालये मुंबई आणि पुण्यातही आहेत. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत तेथे तक्रार करावी लागते, ५० लाख रुपयांपर्यंतची प्रकरणे तेथे ऐकली जातात, शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. अर्जासोबत पॉलिसीची प्रत, नकाराचे पत्र आणि केस पेपर जोडावेत, आणि घडलेला क्रम तारखांसह एका पानात लिहून द्यावा.