सगळ्यांच्या भल्याचा हिशोब कसा मांडायचा, आणि कुठं त्याचं ऐकायचं नाही

आमच्या सोसायटीत चाळीस फ्लॅट आणि महापालिकेचं पाणी येतं पहाटे साडेचार ते साडेसहा. खालची टाकी लहान आहे, अर्ध्या तासात भरते, भरली की फ्लोट वर येतो आणि आत येणारं पाणी बंद, म्हणून पाच वाजता पंप लावून पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायलाच लागतं, नाहीतर पुढचं दीड तासाचं पाणी गेलं आणि दुपारी टँकर मागवा. पंप आहे तळमजल्यावरच्या एका काकूंच्या बेडरूमच्या भिंतीला लागून. काकू सत्तरीच्या पुढच्या, एकट्या राहतात, त्यांनी अर्ज दिला की झोप होत नाही, पंपाची वेळ बदला. मीटिंगमध्ये सेक्रेटरी एवढंच म्हणाले, "एकोणचाळीस घरांचं पाणी की एका घराची झोप, बोला." हात वर झाले, विषय संपला, चहा आला.

हात मी पण वर केला होता, हे आधीच सांगून टाकतो.

सेक्रेटरींनी जे केलं त्याला तत्त्वज्ञानात उपयुक्ततावाद म्हणतात. ज्या कृतीनं एकूण सुख जास्तीत जास्त आणि दुःख कमीत कमी होईल ती कृती बरोबर, बाकी परंपरा काय सांगते, देव काय सांगतो, तुमचा हेतू किती शुद्ध होता, हे सगळं नंतर. जेरेमी बेंथम नावाच्या इंग्रज माणसानं 1789 साली हे नीट मांडलं, पुढं जॉन स्टुअर्ट मिलनं त्याला जरा माणसात आणलं. (हा मिल 1823 ते 1858, म्हणजे 35 वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या ऑफिसात नोकरीला होता, इकडच्या कारभाराची पत्रं लिहायचा, भारतात एकदाही आला नाही. आगरकरांवर त्याच्या विचारांचा किती प्रभाव होता ते वेगळं सांगायला नको.) आणि आपल्याला हा विचार काही परका नाही, एसटीचं ब्रीदच बघा, बहुजन हिताय बहुजन सुखाय, बुद्धाच्या तोंडचे शब्द.

तर हा हिशोब करायचा कसा. पहिलं काम म्हणजे कागद घ्या. खरंच घ्या, डोक्यात करू नका, डोक्यात केला की आपल्याला जे हवं तेच उत्तर येतं. त्यावर ज्याला ज्याला या निर्णयाची झळ बसणार किंवा फायदा होणार ते सगळे लिहा, आणि प्रत्येकाचा भाव सारखा. चेअरमन एक, वॉचमन एक, भाडेकरू एक. बेंथमचं हे मला सगळ्यात आवडतं, राजाच्या दातदुखीला आणि हमालाच्या दातदुखीला त्याच्या वहीत एकच रकाना. जनावरांनाही त्यानं वहीत घेतलं, त्यांना विचार करता येतो का बोलता येतं का हा प्रश्नच नाही, त्यांना त्रास होतो का एवढंच विचारा, असं तो अठराव्या शतकात लिहून गेलाय.

या पद्धतीची खरी ताकद इथंच दिसते. "आपल्यात असं चालत नाही" हे वाक्य तिच्यापुढं टिकत नाही, कारण ती लगेच विचारते की बाबा त्रास नक्की कुणाला होतो ते दाखव. बेंथमनं 1785 च्या सुमाराला हाच प्रश्न समलिंगी संबंधांबद्दल विचारला, दोघांच्या राजीखुशीनं होतंय, तिसऱ्या कुणाला इजा नाही, मग शिक्षा कशासाठी. ते लिखाण छापायची त्याला हिंमत झाली नाही, 1978 साली छापून आलं. आणि गंमत बघा, ज्या मेकॉलेच्या आयोगानं आपल्याकडच्या दंड संहितेचा मसुदा 1837 ला केला त्यावर बेंथमच्या विचारांचा ठसा होता, पण 1860 ला कायदा झाला तेव्हा त्यात असे संबंध गुन्हा ठरवणारं कलम 377 होतंच, ते आपसातल्या राजीखुशीच्या संबंधांपुरतं रद्द व्हायला 2018 उजाडलं. नीट हिशोब मांडला असता तर नुकसानीच्या रकान्यात लिहायला नावच सापडलं नसतं.

नावं लिहून झाली की प्रत्येकापुढं सुखदुःख मोजायचं. बेंथमनं सात मापं दिलीत. आमचा पंपच घेऊ. त्रास किती तीव्र, किती वेळ चालणार, नक्की होणार की कदाचित, आत्ता होणार की उशिरा, त्यातनं पुढं तसलंच आणखी काही निघणार का, त्यात उलट्या गोष्टीची भेसळ आहे का, आणि किती जणांना. आमच्या सेक्रेटरींनी यातलं फक्त शेवटचं माप वापरलं, किती जणांना. बहुतेक लोक तेवढंच वापरतात आणि त्याला बहुमत म्हणतात, पण बहुमत म्हणजे उपयुक्ततावाद नव्हे हे पक्कं डोक्यात ठेवा, दहा जणांची थोडीशी गैरसोय आणि एकाचं आयुष्य उद्ध्वस्त, यात बेंथमच्या हिशोबानंसुद्धा तो एकटा जिंकू शकतो. मतदानात मात्र तो दहा विरुद्ध एक हरतो.

सात मापं लावली की चित्र बदलतं. एकोणचाळीस घरांचं नुकसान काय, तर टँकरचा खर्च, तो वाटून घेतला तर घरटी महिन्याला काही शे रुपये. पाणी मिळणारच नाही असं नव्हतंच, मीटिंगमध्ये मात्र सगळे असे बोलत होते की जणू दुष्काळ पडणार. काकूंकडं रोज, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, झोपमोड, आणि "पुढं आणखी काही निघणार का" या मापात ब्लडप्रेशर, दिवसभर चिडचिड, आणि पडण्याची भीती, त्या वयात पडणं म्हणजे काय ते घरात म्हातारं माणूस असेल त्याला माहीत आहे.

मग पर्याय लिहा, आणि दोनच असतील तर थांबा. हे की ते असा प्रश्न ज्यानं विचारला त्यानं निम्मा निकाल आधीच देऊन टाकलेला असतो. किमान चार पर्याय निघेपर्यंत बेरीज करायची नाही हा माझा स्वतःचा नियम, बेंथमचा नाही.

इथपर्यंत सोपं आहे. आता ही पद्धत कुठं घसरते ते बघू, आणि यावर जरा वेळ घालवा कारण फसवणूक इथंच होते.

सगळ्यात मोठं भोक म्हणजे बेरजेला वाटप दिसत नाही. शंभर रुपये फायदा झाला एवढं बेरीज सांगते, तो कुणाच्या खिशात गेला आणि कुणाच्या खिशातनं गेला ते सांगत नाही. जॉन रॉल्स या अमेरिकन माणसानं 1971 साली यावरच बोट ठेवलं, की एक माणूस स्वतःच्या आजच्या त्रासाच्या बदल्यात उद्याचं सुख घेतो ते ठीक आहे, पण इथं त्रास एकाचा आणि सुख भलत्याचंच, आणि आपण असं वागतो की जणू सगळा समाज म्हणजे एकच माणूस.

याचं उदाहरण पुण्यापासून तासाभरावर आहे. मुळशी. टाटांच्या कंपनीला धरण बांधून मुंबईच्या गिरण्यांना आणि शहराला वीज द्यायची होती. वीज म्हणजे केवढी मोठी गोष्ट, कोळशाचा खर्च वाचणार, लाखोंचा फायदा, आणि विरुद्ध बाजूला मावळातली गावं, भातशेतीवर जगणारे काही हजार मावळे. 1894 च्या भूसंपादन कायद्याखाली जमिनी घेतल्या. 1921 ला सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट त्यात उतरले, तुरुंगात गेले, तरी धरण झालंच, आणि 1927 पासून भिऱ्याच्या वीजकेंद्रात वीज तयार होते आहे. आज मुळशीला वीकेंडला जाऊन पाण्याचे फोटो काढतो ना आपण, त्या पाण्याखाली ती गावं आहेत.

आता कागदावर ही बेरीज चुकली का? मला वाटतं बेरीज म्हणून कदाचित बरोबरही आली असेल. पण नुकसानीच्या रकान्यात लिहिलं काय होतं, तर जमिनीची किंमत. ज्याच्या नावावर जमीन तो वहीत आला, जो दुसऱ्याची जमीन कसत होता तो आलाच नाही. आंबेमोहोराची खाचरं लिहिली असतील, पण गावदेवी, ओळखीपाळखीवर चालणारी उधारी, लेकीला हाकेच्या अंतरावर दिलेली असणं, याला भाव कोण लावणार. आणि भाव लावणारा माणूस नेहमी फायद्याच्या बाजूचा असतो हे तर विसरूच नका.

हे भोक बुजवायचा प्रयत्न कायद्यानं पुढं केला, महाराष्ट्रानं 1976 साली प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, आणि 2013 च्या केंद्राच्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आला, खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी 80 टक्क्यांची संमती, सरकार आणि खाजगी भागीदारी असेल तर 70 टक्के. चांगलं आहे. पण सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला संमतीची अट नाही, आणि 80 टक्के हासुद्धा शेवटी आकडाच, उरलेल्या वीस टक्क्यांचं काय हा प्रश्न राहतोच.

म्हणून बेरीज झाल्यावर एक जादा पायरी करा. सगळ्यात जास्त तोटा कुणाचा होतोय ते एक नाव काढा आणि दोन गोष्टी बघा. हा माणूस आधीही असाच भरडला गेलाय का, म्हणजे दरवेळी वाकायचं त्यानंच असं झालंय का. आणि फायदा घेणाऱ्यांनी त्यातला काही भाग त्याला दिला तर तो भरून निघेल का, निघत असेल तर द्या, "देता आला असता" असं म्हणून सोडू नका.

दुसरी गोष्ट, काही गोष्टी हिशोबात घ्यायच्याच नाहीत. ते डॉक्टरचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल, पाच पेशंटना पाच वेगवेगळे अवयव हवेत आणि एक धडधाकट माणूस चेकअपला आलाय, त्याला कापला तर पाच वाचतात. बेरीज म्हणते काप. कुणीच शहाणा माणूस हो म्हणणार नाही. यावर उपयुक्ततावाद्यांचं उत्तर असं की प्रत्येक कृतीचा वेगळा हिशोब करू नका, नियमाचा करा, जिथं डॉक्टर असं करू शकतो तिथं हॉस्पिटलची पायरी कोण चढेल, म्हणजे एकूण नुकसानच. मला हे उत्तर अर्धंच पटतं, कारण गुपचूप केलं आणि कळलंच नाही कुणाला तर? म्हणून कागदाच्या वरच्या कोपऱ्यात आधीच लिहून ठेवा की अमुक गोष्टी कितीही फायदा असला तरी करणार नाही. माझ्या यादीत तीनच आहेत, निरपराध माणसाला इजा, दिलेला शब्द मोडणं, आणि एखाद्याला न विचारता त्याच्या वतीनं त्याग करणं. तुमची यादी वेगळी असेल, पण लांबलचक करू नका, नाहीतर हिशोबाला काही उरतच नाही.

तिसरं म्हणजे हा हिशोब कधी थांबतच नाही. पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाचा 1972 साली एक लेख छापून आला, पूर्व बंगालमधनं निर्वासितांचे लोंढे येत होते त्यावर. तो म्हणाला, समोरच्या तळ्यात पोर बुडत असेल तर कपडे खराब होतील म्हणून तुम्ही थांबाल का, नाही ना, मग दूरच्या उपाशी माणसासाठी का थांबता, अंतरानं काय फरक पडतो. याला उत्तर देणं खरंच अवघड आहे, मी वर्षानुवर्षं प्रयत्न करतोय. पण तसं वागायला गेलं तर मुलीच्या वाढदिवसाचा केकही गुन्हा ठरतो. आणि घरातली नाती तर या वहीत बसतच नाहीत, बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञानं म्हटलंय की बुडणाऱ्या अनोळखी माणसाऐवजी बायकोला वाचवताना जो नवरा "अशा वेळी बायकोला वाचवणं समर्थनीय आहे ना" असा विचार करतो, त्यानं एक विचार जास्तच केलाय. तेव्हा आईचं औषध, भावाची अडचण अशा ठिकाणी वही काढू नका. जिथं दहा अनोळखी माणसांचा पैसा, पाणी, जागा वाटायची आहे, सोसायटी, ऑफिस, ग्रामपंचायत, तिथं काढा, ही पद्धत मुळात कायदे करणाऱ्यांसाठीच निघालेली आहे.

आणि शेवटचं भोक, जे मला पंपानं शिकवलं, ते म्हणजे दुसऱ्याचं दुःख आपण अंदाजानं मोजतो. मीटिंगनंतर आठवडाभरानं मी आणि आमचे एक कमिटी मेंबर, दोघं पहाटे पावणेपाचला काकूंकडं जाऊन बसलो. त्यांनी चहा टाकला. पाचला पंप लागला, घूं असा बारीक आवाज, आम्ही एकमेकांकडं बघितलं, एवढंच? काकू म्हणाल्या, "याचं काही नाही हो, याची सवय झालीये, थांबा जरा." सहा वाजून गेल्यावर वरची टाकी भरली, पंप बंद झाला आणि भिंतीतनं धाड्कन असा आवाज आला की माझ्या हातातला कप हिंदकळला. पंप थांबला की पाइपातलं पाणी मागं येतं आणि नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, आपटतो, तो आवाज. काकू पहाटे जप करून साडेपाचला परत आडव्या होतात, डोळा लागतो न लागतो तोच हे.

म्हणजे आम्ही सगळे पाच वाजताच्या झोपेवर मतदान करत होतो आणि त्रास सहा वाजताचा होता. अर्जात त्यांनी "पंपाच्या आवाजाने" एवढंच लिहिलेलं, आम्हीपण पुढं विचारलं नाही.

प्लंबरनं स्प्रिंगवाला व्हॉल्व्ह टाकला, पंपाखाली रबराचे पॅड दिले, सगळं मिळून साडेचार हजार, म्हणजे घरटी साधारण एकशे बारा रुपये. पंप अजून पाचलाच लागतो. काकूंचा नवीन अर्ज आलाय, पार्किंगमधल्या कुत्र्यांबद्दल, यावेळी सेक्रेटरी आधी त्यांच्याकडं चहाला जाणार आहेत.