क्रिमिनल जस्टिसचं ऑनलाइन मास्टर्स करताय? या चुका टाळा

अमेरिकेत क्रिमिनल जस्टिस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या ऑनलाइन मास्टर्सला (पोलीस, कोर्ट, तुरुंग यांच्या कारभारावरच्या पदव्युत्तर पदवीला) प्रवेश मिळवणं फार अवघड नाही. घोळ होतात ते बाकीच्या गोष्टींत, आणि त्यातले मोठे घोळ फी भरायच्या आधीच झालेले असतात.

नोकरीच्या अटी पदवीनंतर वाचणं

एच-फोर व्हिसावर (अमेरिकेत एच-वन-बीवर नोकरी करणाऱ्याच्या नवरा-बायकोला मिळणाऱ्या) शिकता येतं, म्हणून घर सांभाळत हा कोर्स करावासा वाटणं साहजिक आहे. पण या क्षेत्रात अडतं ते बहुधा नागरिकत्वापाशी. एफबीआयच्या स्पेशल एजंटसाठी अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्डसुद्धा चालत नाही. अर्ज वयाच्या 36 व्या वाढदिवसाआधी करावा लागतो. तिथे मास्टर्सचा फायदा एवढाच, की दोन वर्षांच्या अनुभवाची अट एक वर्षावर येते. स्थानिक पोलिसांत राज्यागणिक नियम बदलतात. कॅलिफोर्नियाने 2023 पासून नागरिकत्वाची अट काढली, कायदेशीर वर्क परमिट पुरतं. पण पोलीस अ‍ॅकॅडमीतलं प्रशिक्षण कुठलंही मास्टर्स माफ करत नाही. शिवाय एच-फोरवाल्यांना ईएडी (काम करायचा सरकारी परवाना) नसेल तर पगारी काम करताच येत नाही. म्हणून आधी पाच-सहा खऱ्या जाहिराती काढून पात्रतेचा भाग वाचा: क्राइम अ‍ॅनालिस्ट, कोर्टाचं प्रशासन, पीडितांना मदत करणाऱ्या संस्था, बँकांमधला फ्रॉड विभाग. (वकील व्हायचं असेल तर हा रस्ताच नव्हे.)

भारतात बसून पूर्ण ऑनलाइन कोर्स केला तर त्यावर एफ-वन हा विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. एजंट काहीही सांगो.

‘अ‍ॅक्रेडिटेड’ एवढाच शब्द पाहून पैसे भरणं

मान्यता आहे हे ठीक, पण दिली कोणी? बोगस विद्यापीठांना मान्यता द्यायला बोगस संस्थाही असतात. अमेरिकी शिक्षण खात्याच्या ‘डापिप’ (DAPIP) यादीत किंवा ‘चिया’ (CHEA) या मान्यतांवर देखरेख करणाऱ्या खासगी संस्थेच्या यादीत कॉलेजचं नाव स्वतः शोधा. तिथे नाव नसेल तर विषय संपला. आपली तीन वर्षांची बीए-बीकॉम सगळीकडे पूर्ण पदवी धरली जात नाही, तेव्हा ती चालेल असं प्रवेश विभागाकडून ईमेलवर लिहून घ्या. भारतातल्या विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट (गुणांचा अधिकृत दाखला) यायला वेळ लागतो. तो अर्ज सर्वांत आधी टाका.

आकडेवारी एका रांगेत लावणं

ही चूक अभ्यासातली, आणि हुशार विद्यार्थीही ती करतात. पेपरसाठी 2018 ते 2022 चे एफबीआयचे गुन्ह्यांचे आकडे घेतले, आलेख काढला, 2021 मध्ये काहीतरी विचित्र दिसलं की लगेच त्यावर सिद्धांत मांडायला सुरुवात! प्रत्यक्षात 1 जानेवारी 2021 पासून एफबीआयने मोजायची पद्धतच बदलली. जुन्या पद्धतीत एका घटनेतला सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा धरत. लुटताना खून झाला तर फक्त खून मोजायचा, लूट गायब. ‘निब्रस’ (NIBRS) या नव्या पद्धतीत एका घटनेतले दहापर्यंत गुन्हे नोंदवता येतात. त्यात भर म्हणजे न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी 2021 चे आकडे नव्या पद्धतीत दिलेच नाहीत.

यावर उपाय दोन. सगळी वर्षं निब्रसमध्ये माहिती देत आलेली पोलीस खाती निवडा, नाहीतर एनसीव्हीएस हे गुन्ह्यांना बळी पडलेल्यांचं राष्ट्रीय सर्वेक्षण वापरा. ते घरोघरच्या लोकांना विचारून केलं जातं, त्यामुळे पोलिसांपर्यंत न गेलेले गुन्हेही त्यात येतात. मात्र खुनाचे आकडे तिथे शोधू नका. ज्याचा खून झाला त्याला विचारणार कोण? कुठलाही स्रोत घ्या, पद्धत कधी बदलली हे पेपरात एका वाक्यात लिहा.

आयआरबीची मंजुरी शेवटच्या सेमिस्टरला आठवणं

कॅपस्टोनसाठी (कोर्सच्या शेवटच्या प्रकल्पासाठी) मुलाखती घ्यायच्या असतील तर आधी कॉलेजच्या आयआरबीची, म्हणजे माणसांवरचं संशोधन नैतिक आहे ना हे तपासणाऱ्या समितीची, मंजुरी लागते, आणि ती लांबू शकते. कैद्यांशी बोलायचं असेल तर त्यांच्या संरक्षणाचे वेगळे, कडक नियम आहेत; एका सेमिस्टरमध्ये ते आटोपेल अशी आशा धरू नये. मंजुरी अडकलीच तर गाईडशी बोलून विषय तयार डेटाकडे वळवा. मिशिगन विद्यापीठातल्या आयसीपीएसआर या संशोधन-डेटाच्या भांडारात गुन्हे आणि न्यायव्यवस्थेवरचा मोठा संग्रह आहे, आणि त्यातले बरेच डेटासेट फुकट उतरवून घेता येतात. नावं-गावं आधीच काढून टाकलेल्या अशा डेटासाठी बहुधा पूर्ण आयआरबी तपासणी लागत नाही, तरी तसं आयआरबीकडूनच लेखी घ्या.